बत्तिसावा तास

भोसरीत वाढलेल्या पोरांच्या घराला सुट्टी रविवारी नसायची, गुरुवारी असायची. शाळा बंद रविवारी, पण बाप घरी गुरुवारी, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्या दिवशी लाइटही नसायची, मशिनी बंद, प्रेसचा ठोका बंद. आमच्या चाळीत त्या दिवशी सगळ्यांचे वडील दिसायचे, कुणी दारात दाढी करतंय, कुणी लुना धुतंय, आणि माझे अण्णा तेवढे नसायचे. ते वॉचमन होते. कंपनी बंद असते त्याच दिवशी वॉचमन जास्त लागतो हे मला आता धडधडीत समजतं, तेव्हा नुसता राग यायचा.

अण्णा ८६ साली खटाव तालुक्यातनं पुण्यात आले. आधी एका फाउंड्रीत हेल्पर होते, तिथली धूळ छातीला सोसेना म्हणून गावाकडच्या एकाने एजन्सीत चिकटवलं. ट्रेनिंग म्हणाल तर काहीच नाही, खाकी शर्ट, शिट्टी, काठी, तीन सेलची बॅटरी आणि "गेटवर उभं राहायचं". बाकी सगळं ते उभं राहूनच शिकले.

आणि आज मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या प्लांटमध्ये ॲडमिनला आहे, गेली ११ वर्षं, आणि सिक्युरिटीचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे आहे. २२ गार्ड, २ सुपरवायझर, २ गेट, १२ एकर जागा. हे काम मी मागून घेतलं नव्हतं, पण आलं तेव्हा नाही म्हणाले नाही, आणि त्याचं कारण अण्णांची एक रात्र आहे, तिच्याकडे मी येणारच आहे.

आधी मिनिटांचं सांगते, कारण माझ्या मते ह्या सगळ्या विषयाचं मूळ तिथंच आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या भिंतीवरनं चोरी झाली. नवीन लाइन टाकताना उरलेलं केबलचं आणि बसबारचं तांबं मागच्या शेडमध्ये ठेवलं होतं, ते गेलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पहिलं वाक्य काय, "गार्ड काय झोपले होते का?" मी गप्प बसले, पण संध्याकाळी सुपरवायझरला घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले. आमच्यातलाच हिंगोलीचा एक पोरगा आहे, चपळ आहे, त्याला म्हटलं बाहेरनं चढून आत ये बरं. भिंत ८ फूट आणि वर काटेरी तारेची गुंडाळी. त्याने रिकामं पोतं तारेवर टाकलं आणि ४० सेकंदात आत. शेडपर्यंत ७० पावलं. कुलूप कटरने तोडायला किती लागतील ते धरलं, तांबं पोत्यात भरून भिंतीवरनं पलीकडे फेकायचं धरलं, सगळं मिळून साडेसहा मिनिटं. आणि आमची गस्त? तासाला एक फेरी, दोन माणसं, फेरीला पस्तीस-चाळीस मिनिटं. मग ते झोपलेले असोत की डोळ्यात तेल घालून जागे असोत, साडेसहा मिनिटांत नेमके त्याच कोपऱ्यात असायची शक्यता किती, तुम्हीच सांगा.

ह्या धंद्यात चार शब्द सगळ्यांना पाठ असतात, डिटर, डिटेक्ट, डिले, रिस्पॉन्ड. म्हणजे चोराला यावंसंच वाटू नये, आला तर कळावं, कळल्यावर त्याचा वेळ जावा, आणि त्या वेळात आपला माणूस तिथं पोचावा. ऐकायला अगदी सोपं आहे, पण ह्यातली खरी मेख क्रमात आहे. भिंत, तार, कुलूप, ह्यातलं काहीच चोराला कायमचं थांबवत नाही, फक्त त्याचा वेळ खातं, आणि तो वेळ आपल्या कामाचा कधी, तर तो आलाय हे आधी कुणालातरी कळलं असेल तर. न कळता तो दोन तास कुलूप कापत बसला तरी त्या दोन तासांचा आपल्याला काही उपयोग नाही. आमच्याकडे ४० कॅमेरे होते, पण बघणारा एकच, तोच फोन घेणार, तोच किल्ल्या देणार-घेणार. कॅमेऱ्याने सगळं व्यवस्थित रेकॉर्ड केलं आणि सकाळी आम्हाला दाखवलं. कॅमेरा साक्षीदार आहे, राखणदार नाही, आणि मालक लोक ह्यातच चुकतात, कॅमेरे लावले की दोन माणसं कमी करतात.

मग आम्ही काय केलं तर फार मोठं काही नाही. भिंतीलगतची सुबाभूळ तोडली, दोन्ही बाजूंनी मोकळी पट्टी केली, तिथं दिवे लावले. तांबं मागच्या शेडमधनं उचलून मेन शेडच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, म्हणजे आता भिंत, मग शेडचं शटर, मग पिंजरा. भिंतीवर सेन्सर बसवला, तो वाजला की कॅमेऱ्यावाल्याला कळतं. आणि मेन गेटवर एक सायकल ठेवली. मेन गेटपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत ७ मिनिटं लागतात, सायकलवर दोन. सायकलचं बिल पास करून घ्यायला मला सेन्सरपेक्षा जास्त दिवस लागले, कारण ती कुठल्या हेडखाली टाकायची हेच अकाउंट्सला कळेना.

राजगडावर जाऊन आलेल्या माणसाला हे थरांचं प्रकरण समजवावं लागत नाही. पद्मावती, सुवेळा, संजीवनी ह्या तीन माच्या, प्रत्येकीची तटबंदी वेगळी, आणि समजा एक माची पडली तरी बालेकिल्ला वर उभाच, त्या कड्याच्या वाटेने चढायचं म्हणजे वरून दगड टाकणाऱ्याला पाहिजे तेवढा वेळ. पण मला त्याहून जास्त आवडते ती गडावरच्या माणसांची रचना. शिवकाळात गडाचा कारभार एकाच्या हातात नसायचा, हवालदार, सबनीस, सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी, हिशोब एकाकडे, फौज एकाकडे, म्हणजे फितुरी करायची तर एकटा माणूस गड देऊ शकणार नाही. कारखान्यात नेमकं हेच लागतं, कारण कारखान्यातली मोठी चोरी भिंतीवरनं होतच नाही, ती गेटमधनं होते, दिवसाउजेडी, कागदासकट.

भंगाराची गाडी घ्या. रिकामी गाडी वजनकाट्यावर येते तेव्हा तिच्यात पाण्याचे ड्रम असतात, दोन हमाल केबिनमध्ये बसलेले असतात, जास्तीची स्टेपनी असते. हे सगळं रिकाम्या वजनात धरलं जातं. आत गेल्यावर पाणी ओततात, हमाल उतरतात, स्टेपनी कुठंतरी राहते, आणि भरल्या काट्यातनं ते वजन वजा होतं, म्हणजे दर फेरीला काही शे किलो माल फुकट. बरीच्या, म्हणजे मशिनीतनं निघालेल्या धातूच्या किसाच्या, ढिगाखाली चांगले जॉब, म्हणजे तयार पार्ट, घालून नेणं हा वेगळा प्रकार. ह्यावर उपाय एकच, रिकामा काटा करताना सगळे खाली, पाणी ओतून, दार उघडून बघायचं, आणि पावतीवर स्टोअर, अकाउंट्स आणि गेट अशा तीन सह्या, तिघांनी आपापल्या डोळ्यांनी बघून. सही करणारा टेबलावरनं उठला नाही की तीनचं एक झालं समजा. परत येणारा माल वेगळ्या गेटपासवर, न येणारा वेगळ्या, आणि परत यायचा तो आला का हे कुणीतरी महिन्याला बघायचं. आमच्याकडे दुरुस्तीला गेलेली एक मोटर १४ महिने "येणार" होती.

झडतीचंही तसंच. सुटायच्या वेळी गेटवर बटण दाबायचं, हिरवा लागला तर जा, लाल लागला तर बॅग उघडा. बायकांची झडती बाईच घेणार, त्यासाठी दोन्ही शिफ्टला लेडी गार्ड पाहिजेच. हे बटण प्लांट हेडनेही दाबलं पाहिजे. आमच्या आधीच्या प्लांट हेडची गाडी सरळ निघून जायची, आणि ती गेली की मागच्या ४०० लोकांच्या नजरेत गार्डची किंमत काय राहते ते मी गेटवर उभं राहून बघितलंय. आताचे साहेब उतरतात, बटण दाबतात. एवढ्या एका गोष्टीने जे काम झालं ते दहा सूचनाफलकांनी झालं नसतं.

गार्ड म्हणजे पोलिस नाही हेही खूप जणांना नीट माहीत नसतं, गार्डला तर नसतंच नसतं. त्याला वेगळे अधिकार काहीच नाहीत, जे कुठल्याही नागरिकाला आहेत तेवढेच. समोर मोठा गुन्हा करताना कुणी सापडला, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र असेल, तर धरून ठेवता येतं, पण लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तर ६ तासांची मर्यादाच घातलीय. मारायचं नाही, कोंडून चौकशी करायची नाही. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यात (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरनं बोलताना सगळे पसाराच म्हणतात) पोलिस किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेशही गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अण्णांचा तो खाकी शर्ट आज चालला नसता. त्याच कायद्याखाली केंद्राने केलेल्या नमुना नियमांत ट्रेनिंग लिहिलंय, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर, निदान २० कामाचे दिवस, आणि १५ गार्डमागे एक सुपरवायझर. मी नवीन मुलाला पहिल्या दिवशी विचारते, किती दिवस शिकवलं? एका एजन्सीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फोटो काढला आणि सही घेतली." सर्टिफिकेट मात्र फाइलला लावलेलं होतं, १६० तासांचं. ती एजन्सी आम्ही बदलली.

महाराष्ट्रात ह्याच्याही आधीचा, १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे, त्याखाली मंडळं आहेत, पुणे जिल्ह्याचंही आहे. कंपनीने पगार आणि वर लेव्ही, म्हणजे पगारावरची ठरावीक टक्केवारी, मंडळात भरायची, त्यातनं रक्षकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. रखवालीच्या माणसाला मधल्या माणसाच्या मर्जीवर सोडू नये हा विचार आपल्याकडे ४० वर्षांहून जुना आहे. रखवालीचं काम तर त्याहूनही कितीतरी जुनं. भवानी पेठेत रामोशी गेट आहे, त्या नावावरनं रोज हजारो लोक जातात, पण ज्या रामोशांच्या पिढ्या पुरंदरासारख्या गडांच्या राखणीवर होत्या त्यांच्या हातातनं ते काम गेलं आणि त्यांच्यातनंच उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला इथंच पुण्यात फाशी गेला, हे रखवालदाराचा विषय निघाला की मला आठवतंच.

चोरीबद्दल मी इतकं लिहिलं, पण खरं सांगायचं तर गार्डची सगळ्यात जास्त गरज आगीला लागते. आपली सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, जी आज विमानतळांवर दिसते, तिचा उगमच एका आगीत आहे. १९६४ मध्ये रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये आग लागली, चौकशी झाली, कारखान्यांसाठी वेगळं प्रशिक्षित दल पाहिजे असं ठरलं, १९६८ ला कायदा झाला आणि १० मार्च १९६९ ला दल उभं राहिलं. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात रात्री पावणेतीनला पेंट शॉपच्या पॅनलमधनं वास आला. वास आला कुणाला, तर गस्तीवरच्या मामांना, ५४ वर्षांचे आहेत. त्यांनी पाणी मारलं नाही, आधी मेन बंद करायला लावलं, मग सीओटूचा सिलिंडर. दुसरा गार्ड गेट उघडून रस्त्यावर उभा राहिला, बंबाला वळण चुकू नये म्हणून. आणि तिसरा रजिस्टर घेऊन पळत असेंब्ली पॉइंटला आला, कारण आत किती माणसं आहेत हे त्या क्षणी दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं, फक्त गेटच्या रजिस्टरला माहीत असतं. ६१ माणसं आत होती, ६१ मोजली. कॉन्ट्रॅक्टरचा एक पेंटर बाहेर चहाला गेला होता आणि त्याची आउटची वेळ लिहिली होती म्हणून कुणी त्याला शोधायला धुरात घुसलं नाही. ती एक नोंद नसती तर?

आणि हे सगळं ज्यांनी करायचं ती माणसं १२ तास उभी असतात. कागदावर काय असेल ते असो, बहुतेक साइटवर १२ तासच चालतं, आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही की डबल, लागोपाठ दुसरी शिफ्ट. "डबल मारली" असं पोरं सहज म्हणतात. त्यांना पैसे हवे असतात, गावाकडे पाठवायचे असतात, खराबवाडीत एका खोलीत सहा जण राहतात, त्यामुळे तेही नको म्हणत नाहीत. एजन्सीला सोयीचं, कंपनीला दिसत नाही.

अण्णांची रात्र अशीच होती. १९९७ चा ऑगस्ट, मी सहावीत. बुधवारी संध्याकाळी ७ ला ते नाइटला गेले, मोटर वाइंडिंगची कंपनी होती. गुरुवारी सकाळी रिलीव्हर आला नाही. गुरुवार म्हणजे कंपनी बंद, लाइट नाही, शेजारची कंपनीही बंद, तरी त्यांनी चौकातल्या एसटीडीवरनं एजन्सीला फोन केला, पाठवतो म्हणाले. आईने माझ्या हातात डबा देऊन पाठवलं, पाऊस होता, अण्णा केबिनच्या दारात उभे होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते हे मला आठवतं. मी म्हटलं घरी चला, ते म्हणाले गेट कुणावर सोडू? संध्याकाळी ७ ला पुन्हा त्यांचीच नाइट सुरू. रात्री दोन आणि तीनच्या मध्ये कधीतरी ते खुर्चीत बसले आणि त्यांना झोप लागली, आणि त्याच वेळात मागच्या खिडकीचे गज वाकवून तांब्याच्या तारेचे चार ड्रम गेले.

दोन दिवस त्यांना चौकीत बसवून ठेवलं. आत सामील असल्याशिवाय नेमकं कसं जातं, असं सगळे म्हणत होते, चाळीतले सुद्धा. पुढे महिन्याभराने माल एका गोदामात सापडला, धरले गेलेल्यांत अण्णांना ओळखणारं कुणी नव्हतं, पण नोकरी गेली ती गेलीच, त्या महिन्याचा पगारही नाही.

मी कितीतरी वर्षं एवढंच धरून होते की अण्णा झोपले. त्यांच्यावर माया होती पण ते झोपले हे खरं होतं ना. हे काम हातात आल्यावर एकदा रोस्टर करत बसले होते, आणि सहज बोटावर मोजलं, बुधवार ७ पासनं. रात्री दोन ते तीन म्हणजे बत्तिसावा तास. मी पेन खाली ठेवलं. बत्तिसाव्या तासाला कोण जागं राहतं? त्या कंपनीच्या सुरक्षेचा बेत काय होता, तर एक माणूस, ३६ तास, लाइट नाही, फोन नाही. चोरी त्या बेतात आधीपासनंच होती, फक्त ती कुणाच्या नावावर लिहायची एवढंच बाकी होतं.

अण्णांनी त्या रात्री सगळं लिहून ठेवलं होतं. त्या नोंदी त्यांना अजून तोंडपाठ आहेत. "सकाळी ७.०० रिलीव्हर आला नाही. ७.१५ ऑफिसला फोन केला. दुपारी १.०० कोणी आले नाही. ४.०० कोणी आले नाही. सायंकाळी ७.०० कोणी आले नाही, माझी नाइट सुरू." ते रजिस्टर चौकीत कुणी मागितलं नाही, कंपनीने दाखवलं नाही.

गेल्या वर्षी मी तीन शिफ्टचा प्रस्ताव दिला, आठ-आठ तासांचा. खर्च वाढतो, माणसं वाढतात, हे लपवण्यात अर्थ नाही. सोबत मी मिनिटांचा हिशोब जोडला, आणि रात्री दोन ते चारमध्ये सुपरवायझरने अचानक केलेल्या चेकिंगच्या नोंदी, १२ तासांच्या शिफ्टमधल्या. सध्या मंजुरी फक्त गस्त आणि कॅमेरा रूमला मिळालीय, गेट अजून बाराच तासांवर आहेत. कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र मी एक ओळ घालून घेतली, सलग १६ तासांनंतर कुठलाही गार्ड पॉइंटवर दिसला तर त्याला नाही, एजन्सीला दंड, आणि रिलीव्हर नसेल तर ॲडमिनचा माणूस उभा राहील. दोनदा मी स्वतः उभी राहिलेय.

ह्या खंडेनवमीला घरच्यांना प्लांटवर बोलावलं होतं, मशिनींची पूजा असते, गार्डच्या केबिनमध्येही टॉर्च, वॉकीटॉकी आणि त्या सायकलला झेंडू बांधला होता. अण्णा आले, ७१ वर्षांचे आहेत, रिक्षातनं उतरून गेटवर थांबले. मी आतनं बघत होते, मुद्दाम पुढे गेले नाही. नवीन मुलगा होता, त्याने उठून नमस्कार केला, नाव विचारलं, कुणाला भेटायचं विचारलं, सगळं लिहिलं आणि सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं. वेळेचा रकाना कोरा होता. गर्दी असली की मुलं वेळा नंतर एकदम भरतात, १०, १०, सव्वादहा.

अण्णांनी पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बाळा, आत्ता किती वाजले?"

"अकरा होत आले की आजोबा."

"घड्याळ बघ."

मुलाने घड्याळ बघितलं, रजिस्टर परत स्वतःकडे ओढलं आणि लिहिलं, १०.५३. मग अण्णांनी सही केली.